ठाण्याहून दोन दिवसांत घाट, किल्ला आणि लेणी पाहायची, तर मुक्काम कुठे करावा?

जुन्नरला करा, माळशेजला नको. कल्याण-मुरबाडवरून जाताना घाट वाटेतच लागतो. त्यासाठी वेगळा दिवस कशाला घालवायचा? शिवनेरी तर जुन्नर गावाला लागूनच, लेण्याद्रीही जवळ. तिथला गिरिजात्मज बौद्ध लेण्यांतच बसलाय, तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यामुळे सकाळीच चढा. दुसरा दिवस नाणेघाटाला द्या. सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, दोन्ही तिथेच. घाटघरमार्गे गाडी माथ्यापर्यंत जाते. आम्ही ठाणेकर हा फेरा दरवर्षी मारतो. फक्त जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा: माळशेजला दरडी कोसळतात, कधी बंदीही असते, आणि धुक्यात धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त दिसतात.