छायाचित्र काढले, पुढे काय?

प्रश्न : हातमोजे आणि बूट न देता गटारात उतरवल्या जाणाऱ्या सफाई कामगारांची छायाचित्रे मी समाजमाध्यमांवर टाकली. हजारो लोकांनी ती पाहिली, हळहळ व्यक्त केली, पण परिस्थितीत काहीही फरक पडला नाही. उलट एका कामगाराने मला सुनावले, ‘तुमच्या फोटोमुळे मुकादम मला कामावर घेत नाही.’ छायाचित्राने खरोखर काही बदलते का? आणि चेहरे दाखवावेत की नाही? – एक वाचक

उत्तर : बदलते, पण एकट्या छायाचित्राने बदलल्याचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे. लुईस हाइन हे अमेरिकेतील शिक्षक 1908 मध्ये नोकरी सोडून राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी पूर्णवेळ छायाचित्रे काढू लागले. गिरण्यांचे मालक त्यांना आत येऊ देत नसत, म्हणून ते कधी बायबल विकणारे, तर कधी आगीची तपासणी करणारे बनून जात. मुलांची उंची ते स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजत आणि खिशातल्या खिशात हात ठेवून कागदावर टिपून घेत. सूतगिरणीतील एका मुलीच्या छायाचित्राखाली त्यांनी नोंदवले आहे : उंची 48 इंच, सहा महिन्यांपासून कामावर, शिवाय गिरणीचे नाव आणि तारीख. छायाचित्र पाहून डोळे पाणावतील, पण मालकाला खोटे पाडण्याचे काम त्या 48 इंचांनी केले. एवढे करूनही 1916 चा बालमजुरीविरोधी कायदा दोन वर्षांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि देशभर टिकणारा कायदा होण्यासाठी 1938 साल उजाडले. तोवर समितीने ती छायाचित्रे पत्रके, प्रदर्शने आणि व्याख्याने यांतून लोकांपुढे आणि कायदेमंडळापुढे सतत ठेवली. आपण ज्याला ‘व्हायरल होणे’ म्हणतो, ते यापुढे फारच किरकोळ वाटते.

म्हणून प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण, काम कोणाच्या आदेशाने चालले होते आणि कामगारांना कोणती साधने दिलेली नव्हती, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मूळ फाइल जपून ठेवा, कारण संदेशांच्या ॲपवरून पाठवलेल्या प्रतीत फाइलमधल्या वेळ-ठिकाणाच्या मूळ नोंदी बहुधा उरत नाहीत आणि तक्रार चौकशीपर्यंत गेल्यावर नेमका त्यांचाच आधार लागतो. मग हा संच कामगारांच्या संघटनेकडे किंवा अशा तक्रारी लढवणाऱ्या वकिलाकडे द्या. समाजमाध्यम ही नंतरची पायरी.

चेहऱ्याचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित मजूर आईचे छायाचित्र काढले, पण तिचे नावही विचारले नाही. छायाचित्र छापून आल्यावर सरकारने मजुरांच्या त्या तळावर अन्न धाडले. ते पोहोचेपर्यंत ती आई मुलांना घेऊन पुढे निघून गेलेली होती. चाळीसएक वर्षांनी तिची ओळख पटली, तेव्हा या प्रसिद्धीतून आपल्याला काहीच मिळाले नाही, अशी खंत तिने बोलून दाखवली. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे अपंग झालेल्या मुलीला तिची आई अंघोळ घालते आहे, हे यूजीन स्मिथ यांचे 1971 चे छायाचित्र आईवडिलांच्या संमतीने घेतलेले होते आणि त्याने त्या लढ्याला मोठे बळही दिले. तरीही मुलीच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी ‘आता तिला विसावू द्या’ अशी तिच्या आईवडिलांची इच्छा झाली, तेव्हा यूजीन यांच्या मिनामातातील सहकारी आणि एकेकाळच्या पत्नी आयलीन स्मिथ यांनी त्या छायाचित्राचा निर्णय त्यांच्या हाती सोपवला. संमती एकदा दिली की कायमची झाली, असे आपण छायाचित्रकार सोयीने धरून चालतो, ही माझीही जुनी खोड आहे.

तुमच्या बाबतीत चेहऱ्याची गरजच नव्हती, असे माझे मत आहे. उघडे हात, कमरेपर्यंतचा गाळ आणि काठावर उभ्या असलेल्या मुकादमाचे कोरडे बूट एकाच चौकटीत आले असते, तर तक्रारीला तेवढे पुरले असते. कामगार स्वतःहून चेहरा दाखवायला तयार असेल तर जरूर दाखवा. पण छायाचित्र कुठे जाईल आणि त्यामुळे रोजगार जाऊ शकतो, हे त्याला आधी स्पष्ट सांगा.

सध्या मात्र पहिले काम वेगळे आहे. ते छायाचित्र समाजमाध्यमांवरून आजच काढून टाका, त्या कामगाराला भेटून माफी मागा आणि त्याची रोजी परत मिळवण्यासाठी संघटनेमार्फत अर्ज करायचा का, हे त्यालाच विचारा. तो हो म्हणाला, तर तुमच्याकडची मूळ फाइल त्याच्या उपयोगी पडेल.