आखाजी आणि आखाड

प्रश्न असा: ‘खान्देशात बायका आखाजीची गाणी म्हणतात. त्यांत झोका असतो, माहेर असतं, न्यायला आलेला भाऊ असतो. आखाजी म्हणजे आखाडीच ना, आषाढातली? म्हणजे ही पावसाची गाणी?’

नाही हो. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. जळगाव-धुळ्याकडे तेव्हा असं ऊन असतं की दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

‘ख’ दोन्हीकडे आहे, पण कुळं वेगळी. आषाढाचा आखाड झाला तो ‘ष’चा ‘ख’ होऊन, भाषेची भाखा झाली तसा. आखाजीतला ‘ख’ मात्र ‘क्ष’चा आहे, लक्षाचा लाख झाला, क्षीराची खीर झाली, त्याच रांगेतला. आणि शेवटचा ‘जी’ मानाचा वाटला तरी ती झिजलेली तीज आहे. राजस्थानात अजून स्वच्छ ‘आखातीज’ म्हणतात. आपल्याकडे मधला ‘त’ गळाला. द्वितीयेची बीज भाऊबीजेत शाबूत राहिली, तीज बिचारी इथे ओळखूच येत नाही. बहिणाबाईंच्या (१८८०–१९५१) कवितेत ‘आखजी’ असं रूप आहे. तेही बरोबरच.

तुमची गल्लत झाली ती झोक्यामुळे, असं मला वाटतं. झोका आणि माहेर एकत्र आले की आपल्याला श्रावण आठवतो. उत्तर प्रदेशात मिर्झापूरकडची कजरी ही लोकगीतं सावनातली, देशावरचे झोके नागपंचमीचे. खान्देशात झोका निंबाला बांधतात तो भर वैशाखात, आणि त्याचं कारण शेतात आहे. रब्बी घरात आलेली, पेरणीला अवकाश. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, सालसुद्धा आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं लागतं. सुनेला माहेरी धाडणं सासूला याच दिवसांत परवडतं! म्हणून मुऱ्हाळी, म्हणजे माहेरी न्यायला येणारा भाऊ, तेव्हाच दारात येतो.

त्यामुळे या गाण्यांत ढग शोधू नका. कैरी सापडेल, माहेरी आल्याचा तोरा सापडेल, सासरच्यांची मनसोक्त उडवलेली टर सापडेल. आणि परतायचा दिवस जवळ आला की आवाज खाली येतो.

जाता जाता, त्यांतली ‘गौराई’ही भाद्रपदातली समजू नका. ती आखाजीचीच, आणि तीही माहेरवाशीणच.