आधी पासवर्ड बदला, मग चॅट पुसा: वाचकांचे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंड्याची, वेर्ण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काल रात्री एक एरर सुटेना म्हणून ग्राहकाची कॉन्फिग फाइल (सॉफ्टवेअरच्या सेटिंगची फाइल) मोफत चॅटबॉटमध्ये पेस्ट केली. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड आणि काही मोबाइल नंबर होते. चॅट डिलीट केली आहे. एवढ्याने भागेल का?

नाही. डिलीट केलेली चॅट तुमच्या पडद्यावरून जाते, सर्व्हरवरची प्रत त्याच क्षणी जात नाही. म्हणून पहिले काम पासवर्ड बदलणे. तो अधिकार तुमच्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला आत्ता फोन करा. नवा पासवर्ड तयार होतो आणि जुनाही चालूच राहतो, ही नेहमीची चूक. जुना रद्द झाल्याची खात्री करून घ्या. तोच पासवर्ड स्टेजिंगमध्ये (चाचणीच्या सर्व्हरवर), बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आणि गिटच्या, म्हणजे कोडचे बदल साठवणाऱ्या प्रणालीच्या, जुन्या नोंदींमध्ये शोधा. गिटमध्ये ओळ पुसली तरी इतिहासात ती तशीच असते.

मग पेस्ट केल्याच्या वेळेपासूनचे डेटाबेसचे लॉग (वापराच्या नोंदी) पाहा: अनोळखी आयपी पत्त्यावरून लॉगिन झाले आहे का? त्याच बरोबरीने वरिष्ठांना ईमेल करा. वेळ, कुठले टूल, कोणाचे खाते, फाइलमध्ये काय होते, एवढे चार मुद्दे पुरेत. हे लांबवू नका, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे डेटा गळतीसारखी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते. कळवायचे की नाही हे कंपनी ठरवील, पण तुम्ही गप्प राहिलात तर तिचे तेवढे तास वाया जातात.

पासवर्ड बदलता येतो, लोकांचे मोबाइल नंबर बदलता येत नाहीत. खरा गंभीर भाग तो आहे. ‘माझा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरू नका’ हा पर्याय आता निवडलात तर तो पुढच्या चॅटना लागू होईल, कालच्या चॅटला तो पुरेल असे धरू नका. यापुढे एररच्या आसपासच्या दहा-पंधरा ओळीच द्या आणि खऱ्या पासवर्ड-नंबरांच्या जागी खोटे घाला. एक गोष्ट कंपन्यांनाही सांगायला हवी: कर्मचाऱ्यांना एआय टूलचे, कंपनीच्या कराराखालचे सुरक्षित खाते द्यायचे नाही आणि चूक झाली की एकट्या टेस्टरला धरायचे, हे न्यायाचे नाही.

मी म्हापशाचा. पर्वरीतल्या कंपनीत सपोर्टमध्ये 4 वर्षे पूर्ण झाली. ‘तुझे काम आता एआय करते, उद्यापर्यंत राजीनामा दे, दोन महिन्यांचा पगार देतो’ म्हणतात. काय करू?

उद्या राजीनामा देऊ नका. स्वेच्छेने नोकरी सोडली असे कागदावर आले की नोकरकपातीच्या भरपाईचा हक्कच उरत नाही. औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. शिस्तभंग, निवृत्ती किंवा कराराची मुदत संपणे सोडून इतर कोणत्याही कारणाने मालकाने नोकरी संपवली तर ती कपात. एआय आले म्हणून वेगळा नियम नाही.

आता हिशेब मांडा. कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन, म्हणजे तुमचे 60 दिवस. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांना नवे कौशल्य शिकता यावे म्हणूनच्या निधीतून) 15 दिवसांचे वेतन, तेही 45 दिवसांत तुमच्या खात्यात. नोटीस दिली नाही तर हे सुमारे 105 दिवसांचे वेतन होते. त्यांनी देऊ केलेले दोन महिने म्हणजे त्यातला एक तुकडा. थकीत पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा. वेतन म्हणजे सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण वार्षिक खर्च) नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

कंपनी म्हणेल, तुम्ही ‘टीम लीड’, कामगार नव्हे. हुद्द्याच्या नावावर काही ठरत नाही, रोज प्रत्यक्ष काय करता ते पाहिले जाते. दिवसभर ग्राहकांच्या तक्रारींची तिकिटे सोडवत असाल तर तुमची बाजू बळकट आहे. नेमणूकपत्र, पगारपत्रके, हा राजीनाम्याचा निरोप जपून ठेवा. ग्राहकांचा डेटा मात्र घरी नेऊ नका, नाहीतर तीच शिस्तभंगाची सबब होईल. पणजीत पाट्टोवर श्रमशक्ती भवनात श्रम आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे समेटासाठी अर्ज करा. 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. मुदत नोकरी गेल्यापासून 2 वर्षे.

आमची छोटी कंपनी एका जर्मन ग्राहकासाठी नोकरीचे अर्ज चाळणारे सॉफ्टवेअर बनवते. युरोपचा एआय कायदा आम्हाला पणजीत लागू होतो?

होतो. सॉफ्टवेअरचा निकाल युरोपीय संघात वापरला जात असेल तर बनवणारा कुठे बसला आहे याला महत्त्व नाही. नोकरभरतीची चाळणी उच्च जोखमीच्या यादीत आहे. तिच्यासाठी कायद्यात मुळात 2 ऑगस्ट 2026 ही तारीख होती, नोव्हेंबर 2025 मध्ये ती पुढे नेण्याचा प्रस्ताव आला. करारात तारीख घालण्यापूर्वी ताजा मजकूर वाचा. कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना ओळखणे मात्र 2 फेब्रुवारी 2025 पासूनच बंद आहे, अपवाद वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. मुलाखतीच्या मॉड्यूलमध्ये ‘उत्साह गुण’ असेल तर तो आजच काढा.

तयारी अशी: निर्णयांचे लॉग किमान 6 महिने राहतील अशी सोय, यंत्राचा निकाल फिरवू शकेल असा माणूस, आणि चाचणी. वीस अर्ज घ्या, प्रत्येकात एकच गोष्ट बदला (नाव, लिंग, नोकरीतला खंड) आणि गुण किती हलतात ते पाहा. आपल्याकडचे उदाहरण घ्या: तारवटी माणूस, म्हणजे जहाजावर काम करणारा खलाशी, काही महिने जहाजावर, मग घरी, पुन्हा नवा करार. यंत्र त्याला ‘नोकरीत न टिकणारा’ ठरवू शकते, आणि तो तर वर्षानुवर्षे एकाच कंपनीकडे असतो. दोन रकान्यांचे पीडीएफ बायोडेटाही तपासा. ओळी एकमेकांत मिसळून अनुभव भलत्याच कंपनीच्या नावावर चढतो.

कळंगुटला आमचे गेस्टहाउस आहे. मराठी-कोकणी चॅटबॉट ठेवला तर?

ठेवा, पण तोलूनमापून. देवनागरी मजकुराचे टोकन (यंत्र मजकुराचे जे तुकडे मोजून बिल लावते ते) इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणून बिलाचा अंदाज मराठी संदेशांवरूनच काढा. देवनागरीतली कोकणी यंत्र कधी कधी मराठी समजते आणि उत्तर तिसरेच देते. कोकणीचे शंभर खरे प्रश्न आधी घालून बघा. दर आणि खोलीची उपलब्धता बॉटला आठवणीवरून सांगू देऊ नका, बुकिंगच्या नोंदीतूनच उचलायला लावा. पाहुण्यांचे पासपोर्ट चॅटवर मागवू नका, काउंटरवर घ्या.