वाचक विचारतात : रेल्वेची जुनी पोस्टरं

प्रश्न : घरातल्या पेटीत एल.एन.ई.आर. या विलायती रेल्वे कंपनीचं समुद्रकिनाऱ्याचं पोस्टर सापडलं. घडीवर चिकटपट्टी आहे, कोपऱ्यात बुरशी. फ्रेमवाला लॅमिनेशन करा म्हणतो. करावं का? (मालवण)

उत्तर : लॅमिनेशन मुळीच नको. गरम प्लास्टिक कागदात बसतं ते सुटत नाही, आणि ओल आत कोंडते.

आधी पोस्टर अस्सल आहे का बघा. ही कंपनी 1923 ते 1947 या काळातली. पोस्टरची नेहमीची मापं दोन : उभं 25 × 40 इंच, आडवं 50 × 40. मग दहापट भिंगातून आकाशाचा निळा रंग पाहा. निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांची बारीक फुलं दिसली, तर ती नंतरची ऑफसेट नक्कल. जुन्या लिथोत, म्हणजे दगडाच्या किंवा धातूच्या पाटीवरून केलेल्या छपाईत, एकेक रंग वेगळा चढवलेला असतो; तो सपाट तरी दिसतो, नाहीतर खडूने घासल्यासारखा दाणेदार.

बुरशीला पावसाळ्यात हात लावू नका. ओली बुरशी पुसली की कागदात माखते. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पोस्टर सावलीत उघडं ठेवा, उन्हात नव्हे. बुरशी भुकटीसारखी झाली की तोंडाला मास्क लावून पडवीत, मऊ ब्रशने मधून कडेकडे झटका. घरात पंख्याखाली झटकलीत तर ती कपाटातल्या पुस्तकांवर जाऊन बसेल. पाणी, स्पिरिट, ब्लीच काही नको, रंग फुटतात. चिकटपट्टी ओढलीत तर कागदाचा पापुद्रा सोबत येईल. ते काम कागद-संवर्धकाचंच. आधारासाठी मागून जपानी कागद (पातळ पण चिवट) लावायचा तर गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा म्हणावं. ती पुढे पाण्याने सोडवता येते. फेव्हिकॉल नाही.

फ्रेममध्ये कागद काचेला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते, म्हणून पश्चिमेची भिंत टाळा आणि फ्रेममागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळेल. आर्द्रता 65 टक्क्यांवर राहिली की बुरशी पुन्हा धरते. कोकणात जूनपासून ती त्याच्या वरच असते. तेव्हा मृगाआधी फ्रेम उतरवून कोरड्या कपाटात ठेवलेली बरी.

प्रश्न : ‘रेल्वेने रत्नागिरीला चला’ असं 1935चं पोस्टर विकायला आलंय. घेऊ का? (चिपळूण)

उत्तर : आवडलं तर घ्या, जुनं म्हणून नको. 1935 साली रत्नागिरीला रेल्वेच नव्हती. मुंबईचे चाकरमानी बोटीने यायचे. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली 26 जानेवारी 1998ला. भाव नव्या छपाईचाच द्या.