कर्फ्यू : झाकलेल्या चुलीची गोष्ट

प्रश्न असा आला आहे : ‘आमच्या सोसायटीच्या फलकावर “कलम १४४ नुसार कर्फ्यू लागली आहे” अशी सूचना लिहिली होती. कर्फ्यू हा शब्द मूळचा कुठला? मराठीत त्याला जमावबंदी म्हणावे की संचारबंदी? आणि कर्फ्यू लागली की लागला?’

फलकावरच्या त्या एका वाक्याने माझी सकाळ बिघडवली, हे आधीच सांगून टाकतो. जमावबंदी आणि संचारबंदी असे दोन नेमके शब्द मराठीत असताना ‘कर्फ्यू’ हा एकच शब्द दोन्हीकडे चिकटवून त्यांच्यातला फरक पुसण्याचा उद्योग वृत्तवाहिन्यांनी आरंभला आणि सोसायट्यांच्या फलकांनी तो नेटाने पुढे चालवला आहे. जमावबंदीत पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमायचे नसते. एकट्याने पिशवी घेऊन मंडईत जायला हरकत नसते. संचारबंदीत एकट्यानेही उंबरठा ओलांडायचा नसतो. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने हा फरक एका दिवसात अनुभवला. २२ तारखेला जमावबंदी जाहीर झाली, तरी लोक गाड्या काढून रस्त्यावर येत राहिले, म्हणून २३ तारखेला राज्यभर संचारबंदी जाहीर करावी लागली. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता तर दुसरी घोषणा कशाला करावी लागली असती? गोंधळाचे मूळ एवढेच, की दोन्ही आदेश एकाच कलमाखाली काढता येतात. ते कलम १४४ जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेबरोबर गेले, आणि १ जुलै २०२४ पासून तोच अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आहे. पण त्या जुन्या कलमाच्या मजकुरातही कर्फ्यू हा शब्द नव्हता.

तेव्हा कर्फ्यू म्हणजे संचारबंदी. आता शब्दाकडे वळतो, कारण खरी मौज तिथेच आहे.

कर्फ्यू हा इंग्रजीत गेलेला फ्रेंच शब्द आहे. फ्रेंचमध्ये आजही तो ‘कूव्र-फ’ असा दोन तुकड्यांत उघडा दिसतो : ‘कूव्र’ म्हणजे झाक आणि ‘फ’ म्हणजे विस्तव. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यांच्या राजवटीबरोबर तो तिकडे पोहोचला आणि इंग्रजी जिभेने मधला ‘व’ गिळून दोन तुकड्यांचा एक गोळा केला. हाच प्रकार ‘कूव्र-शेफ’ या त्याच्या भावंडाच्या बाबतीत घडला. तिथे ‘शेफ’ म्हणजे डोके (स्वयंपाकघराचा प्रमुख तो शेफ, तो याच अर्थाने), म्हणून ‘कर्चिफ’ म्हणजे डोक्यावर घ्यायचे फडके. पुढे ते हातात आले तेव्हा त्याला ‘हँकर्चिफ’, म्हणजे हातातले डोक्याचे फडके म्हणू लागले. इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. फारसीत ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. त्या तोंडपुशाला ‘हात’ जोडून आपणही हातरुमाल केलाच आहे.

पण रुमाल खिशात ठेवू. मला बोलायचे आहे ते शेवटच्या ‘फ’ विषयी. लॅटिनमध्ये विस्तवाला ‘इग्निस’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘अग्नी’चा सख्खा भाऊ आहे आणि आपल्या स्कूटरच्या ‘इग्निशन’मध्ये तो अजून जिवंत आहे. मात्र रोमन साम्राज्यातल्या सामान्य माणसांच्या बोलण्यातून जेव्हा फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश या भाषा घडल्या, तेव्हा त्यांनी हा अग्नी टाकून दिला आणि त्याच्या जागी एक घरगुती शब्द आणून बसवला. तो शब्द म्हणजे ‘फोकस’. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल! त्याचेच इटालियनमध्ये ‘फुओको’, स्पॅनिशमध्ये ‘फुएगो’ आणि फ्रेंचमध्ये ‘फ’ झाले. इकडे १६०४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरने प्रकाशशास्त्रावर लिहिताना लंबवर्तुळासारख्या वक्रांच्या ठरावीक बिंदूंना लॅटिनमध्ये हेच चुलीचे नाव दिले, पुढे भिंगातून आलेले किरण जिथे एकत्र येतात त्या बिंदूलाही ते लागले, आणि तिथून ते छायाचित्रकारांच्या हाती पडले. म्हणजे निर्मनुष्य रस्त्यावर कॅमेरा रोखून ‘कर्फ्यूवर फोकस’ म्हणणारा वार्ताहर एका दमात दोनदा चूल म्हणत असतो, आणि दोन्ही वेळा त्याला त्याची गंधवार्ता नसते.

तेव्हा ‘कूव्र-फ’चे मराठी काय करावे? शब्दाला शब्द ठेवला तर विस्तवझाक, आणि ‘फ’च्या पोटातली चूल जागी केली तर चूलबंद. हा शब्द आपल्याकडे आहेच! लग्नकार्यात घरटी एका माणसाला न बोलावता अख्ख्या घराला जेवायला बोलावतात, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नसते, म्हणून त्याला ‘चूलबंद आवतण’ म्हणतात. तिकडे चूल झाकली की माणसाने घरात बसायचे आणि इकडे चूल बंद केली की सगळ्या घराने बाहेर पडायचे.

मूळ कर्फ्यूत मात्र कोणालाही कोंडायचे नव्हते. मध्ययुगीन युरोपातली घरे लाकडाची, छपरे गवताची, आणि चूल बहुधा खोलीच्या मधोमध. रात्री एक ठिणगी उडाली तर गल्ली जळे. म्हणून संध्याकाळी ठरावीक वेळी, पुष्कळ ठिकाणी आठ वाजता, घंटा वाजे आणि घरोघरी विस्तव झाकला जाई. विझवला जात नसे, झाकला जाई, आणि हा फरक ज्यांनी चूल सांभाळली नाही त्यांच्या लक्षात येत नाही. माझी आजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी रात्रीची भांडी आवरली की चुलीतले दोन जाड निखारे पुढे ओढी, त्यांवर राख लोटी, आणि उलथन्याच्या पाठीने ती राख थापटून सारखी करी, जणू एखाद्या पोराच्या अंगावर पांघरूण घालते आहे. पहाटे राख बाजूला केली की आत लाल डोळा उघडाच असे. त्यावर नारळाचे सोडण ठेवून फुंकणीने दोन फुंकरा मारल्या की जाळ. हवा कमी मिळाल्यामुळे निखारा मरत नाही, नुसता सावकाश जळतो. एखाद्या घरचा विस्तव रात्रीत गेलाच तर त्या घरची पोर शेणीचा तुकडा घेऊन आमच्या दारात येई. युरोपात याच कामासाठी तांब्यापितळेचे, मूठ लावलेले, अर्ध्या घुमटासारखे एक झाकण असे. निखारे चुलीच्या मागच्या भिंतीशी लोटायचे आणि ते झाकण भिंतीला टेकवून त्यांवर बसवायचे. त्या झाकणालाही कर्फ्यूच म्हणत. कायद्याचा धाक वाटणारा हा शब्द एकेकाळी फळीवर ठेवायचे भांडे होता, याची मला आजही गंमत वाटते.

इथे काही मोठ्या नावांशी भांडणे भाग आहे. इंग्लंड जिंकल्यावर विल्यमने पराभूत जनतेला दडपण्यासाठी १०६८ मध्ये कर्फ्यू लादला, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि अठराव्या शतकातला कायदेपंडित ब्लॅकस्टन याने तर नॉर्मन गुलामगिरीचे वर्णन करताना रात्री आठच्या त्या घंटेला ‘उदासवाणी’ असे विशेषण बहाल केले. कायद्यात ब्लॅकस्टनचा शब्द मी मान्य करीन, शब्दाच्या इतिहासात नाही. याच विल्यमच्या नॉर्मंडीत, कां या गावी, १०६१ मध्ये धर्मसभेने संध्याकाळी घंटा वाजवावी, लोकांनी प्रार्थना करावी आणि आपापली दारे लावून घ्यावीत, असे ठरवले होते. इंग्लंडची स्वारी त्यानंतर पाच वर्षांनी झाली. जी शिस्त त्याच्या स्वतःच्या प्रजेला लागू होती, ती परक्या प्रजेसाठी रचलेला जुलूम कशी? शब्द ज्यांच्याकडून आला त्यांचा राग शब्दावर काढायची खोड सर्वत्र असते, आणि आपल्याकडचे पुष्कळ शब्दनिर्मूलक तिचे नित्य पारायण करतात.

मग विस्तव झाकण्याचे रूपांतर माणसे झाकण्यात कसे झाले? कोशकार याला अर्थविस्तार म्हणून मोकळे होतात. त्यांना शब्द दिसतो, घर दिसत नाही. माझे मत असे आहे, आणि ते मी सोडणार नाही, की या बदलाचे बीज ‘फ’ या शब्दातच होते. मध्ययुगीन फ्रान्समध्ये ‘फ’ म्हणजे नुसता विस्तव नव्हे, तर एक कुटुंब. कर बसवायचा तो चुलींवर. १३२८ मध्ये राजाने राज्यभर जी मोजणी करवली, ती माणसांची नव्हे, गावे आणि चुली यांची. आपणही भाऊ वेगळे झाले की ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणतो, तेव्हा भांडण मातीच्या चुलीचे नसते. ज्या भाषेत चूल म्हणजे घर, त्या भाषेत चूल झाकणे म्हणजे घर मिटणे हा अर्थ बाहेरून आणून चिकटवावा लागत नाही.

हा बदल आधुनिक काळातला आहे, असे जे सांगतात त्यांच्यासाठी १२८५ हे एकच साल पुरे. पहिल्या एडवर्डच्या काळात लंडन शहरासाठी केलेल्या कायद्यात असे बजावले आहे, की सेंट मार्टिन ल ग्रांच्या देवळात कर्फ्यूची घंटा झाल्यावर कोणीही तलवार, ढाल किंवा अन्य हत्यार घेऊन रस्त्यांवर भटकताना सापडू नये. त्यात सूट कोणाला? मोठ्या माणसाला, चांगल्या लौकिकाच्या माणसाला, किंवा हातात कंदील घेतलेल्या त्यांच्या निरोप्याला. साडेसातशे वर्षे होत आली, आणि पासवाल्यांची यादी फारशी बदललेली नाही. विस्तवाचा त्या कलमात उल्लेखही नाही. घंटा फक्त वेळ सांगते आणि बंदी पावलांवर आहे. पुढे तर ही घंटा इतकी सैल झाली की शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये कॅप्युलेट कर्फ्यूची घंटा वाजली असे सांगतो तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात ‘ग्रेट टॉम’ ही घंटा अजून रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ टोले देते. पूर्वी त्यावर दरवाजे बंद होत.

आपल्याकडे घंटेचे काम तोफेने केले. पेशवाईतल्या पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायची मनाई होती, आणि सापडेल त्याला कोतवालाची माणसे धरून नेत. १७९१ मध्ये ज्याचा लोकांनी अंत केला, त्या घाशीराम कोतवालाची दहशत ‘तोफेनंतर’ या शब्दानेच सुरू होई. फ्रेंचांनी विस्तव झाकून लोकांना घरात बसवले आणि आपण विस्तव उडवून.

आठ वाजता घरात जाण्याचा हुकूम या देशात सर्वांत भयंकर रूपात आला तो अमृतसरमध्ये. १३ एप्रिल १९१९ च्या सकाळी डायरने शहरात फिरून जो जाहीरनामा वाचायला लावला, त्यात रात्री आठनंतर घराबाहेर दिसणाऱ्यावर गोळी झाडली जाईल असे एक कलम होते, आणि चार माणसे एकत्र दिसली तरी तो बेकायदा जमाव समजून बळाने पांगवला जाईल असे दुसरे. म्हणजे संचारबंदी वेगळी आणि जमावबंदी वेगळी, एकाच कागदावर. जालियनवाला बागेत गोळीबार झाला तेव्हा सूर्यही मावळला नव्हता. आठ वाजायला अजून अडीच-तीन तास होते. ‘तेव्हा कर्फ्यू होता, तरी लोक जमले’ हे वाक्य मी एका व्याख्यानात ऐकले आहे. त्या घडीला कर्फ्यू सुरूच झाला नव्हता. सोसायटीच्या फलकावरची चूक क्षुल्लक वाटते, पण तीच चूक इतिहास सांगताना केली की मेलेल्यांच्या माथी न केलेला गुन्हा बसतो.

त्यामानाने शब्दाचे आजचे हाल सौम्य आहेत. अमेरिकेतल्या ओमाहा शहराने १८८० मध्ये मुलांसाठी रात्रीचा कर्फ्यू आणला, आणि तिथून तो शब्द पालकांच्या तोंडी गेला. आता आपल्याकडच्या वसतिगृहांतल्या मुलीही ‘साडेनऊचा कर्फ्यू’ म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी तो अर्थ अगदी रास्त आहे. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू सकाळी सात ते रात्री नऊ होता, म्हणजे त्यात रात्र नाही, हुकूम नाही आणि चूल तर दिवसभर पेटलेली. मला तोही चालतो. शब्दांनी घर बदलले म्हणून मी रडत नाही. माझे पित्त खवळते ते दर मेमध्ये छापून येणाऱ्या ‘विदर्भात उन्हाचा अघोषित कर्फ्यू’ या मथळ्याने. विस्तव झाकण्यासाठी जन्मलेला शब्द, आणि तो लावणारा कोण, तर साक्षात सूर्य!

राहता राहिले लिंग. कर्फ्यू लागला, कर्फ्यू उठला. शब्द पुल्लिंगी आहे. फलक लिहिणाऱ्याच्या मनात संचारबंदी होती आणि हातून कर्फ्यू उतरला, म्हणून ‘लागली’ झाले. म्हणजे योग्य शब्द त्याच्या मनात होताच. त्याने तोच लिहायला हवा होता.