म्हाताऱ्या कुत्रीचा थायरॉईड आणि सांधेदुखी एकाच वेळी कशी सांभाळायची?

तुमची 11 वर्षांची लॅब्रेडोर थायरॉईडची गोळी सुरू होऊनही दिवसभर पडून असते, उठताना कण्हते, आणि सगळे म्हणतात की आता वय झालं. माझ्या कुत्र्याला हे दोन्ही त्रास बरीच वर्षं होते. त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की वयाच्या नावावर सोडून देऊ नका. आधी कोणता त्रास कशामुळे आहे ते वेगळं करा.

थायरॉईड कमी असला की कुत्रं सुस्तावतं, बेताचं खाऊनही जाड होतं, दोन्ही कुशींवरचे केस विरळ होतात, शेपटी बोडकी दिसायला लागते. सांध्याचं दुखणं निराळं असतं. उठताना अंग आखडलेलं, थोडं चालल्यावर मोकळं; जिना नको, गाडीत उडी नको. पडून राहणं मात्र दोन्हींत सारखंच, आणि घोळ तिथेच होतो.

म्हणून आधी थायरॉईडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन) नीट बसवा. डोस साधारणपणे किलोमागे 0.02 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, असा सुरू होतो. माणसांच्या मानाने तो खूप मोठा वाटतो, पण कुत्र्याच्या शरीरातून हे औषध लवकर निघून जातं. घाबरून परस्पर अर्धी गोळी करू नका. अन्नासोबत ती कमी शोषली जाते. तेव्हा उपाशीपोटी द्या किंवा जेवणासोबत द्या, पण रोज एकाच पद्धतीने. 4 ते 8 आठवड्यांनी रक्त तपासायचं, तेही गोळी दिल्यावर 4 ते 6 तासांनी. वेळ चुकली तर आकडा दिशाभूल करतो. निदान फक्त टी-फोरवर (रक्तातलं एकूण थायरॉईड हार्मोन) झालं असेल तर फ्री टी-फोर (त्याचा मोकळा भाग) आणि टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन) या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, कारण दुसरा आजार किंवा स्टेरॉईड चालू असला तरी टी-फोर खाली येतो. डोस बरोबर असेल तर तरतरी एक-दोन आठवड्यांत दिसू लागते. केसांना काही महिने लागतात. तरतरी आली, डोळ्यांत चमक आली, तरी उठताना कण्हणं तसंच असेल, तर ते दुखणं आहे आणि त्यावर वेगळा उपचार हवा.

त्यात सगळ्यात मोठा उपचार वजनाचा. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 48 लॅब्रेडोर, दोन-दोनच्या जोड्या लावून, जन्मभर पाहिले होते. ज्यांना जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं, ते मध्यकाने (निम्मे त्याहून जास्त, निम्मे कमी) 13 वर्षं जगले, बाकीचे 11.2, सांधेदुखीवर औषध लागण्याची वेळही त्यांच्यावर उशिरा आली. खाणं वाटीने नव्हे, काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. बिस्किटं, ताटातले तुकडे त्याच हिशोबात धरा. घरातलं एक माणूस जरी चोरून भरवत असेल तरी वजन हलत नाही, हे मी पाहिलंय. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागायला हव्यात.

वेदनाशामक डॉक्टरांकडूनच, यकृत-मूत्रपिंडाची तपासणी करून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या आपल्या गोळ्या कुत्र्याला चुकूनही देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. वेदनाशामक आणि स्टेरॉईड एकत्र चालत नाहीत. उलट्या किंवा काळी शी दिसली तर वेदनाशामक गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.

घरात गुळगुळीत फरशी असेल तर तिच्या नेहमीच्या वाटेवर न घसरणारी चटई घाला, नखं वेळेवर कापा. एकदाच लांब फिरवण्यापेक्षा रोज दोन-तीनदा थोडं थोडं चालवा. दर महिन्याला ती उठते-चालते त्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, डॉक्टरांना लगेच कळतो. आणि एका वेळी एकच बदल करा, म्हणजे गुण कशाने आला ते समजेल.

वजन बरंच उतरलं की टी-फोर पुन्हा तपासून घ्या, तोच डोस तेव्हा जास्त होऊ शकतो. विनाकारण धापा टाकणं, सारखी येरझार, खूप तहान ही त्याची लक्षणं.