शेतात ऐकायला खिशातला रेडिओ कोणता घ्यावा?

शेतातल्या आखाड्यावर न्यायचा असेल तर नुसता एफएमवाला घेऊ नका, मीडियम वेव्ह हा वेगळा पट्टा असलेलाच बघा. परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर, ती एफएमच्या डबड्यात कशी सापडणार? पेन्सिल सेलवर चालणारा बरा, सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात.

खरखर आली की लोक एरियल ओढत बसतात. ती एफएमसाठी असते. मीडियम वेव्हचा अँटेना आतच असतो, फेराइट नावाच्या काळ्या चुंबकी पदार्थाच्या कांडीवर गुंडाळलेली तार. म्हणून अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा. एका कोनात आवाज एकदम मोकळा होतो. आमच्या माजलगावकडून परभणी उगवतीला, अन् कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी असली की आवाज चांगला येतो, म्हणून मी बाजेवर कांडी दक्षिणोत्तर येईल असा रेडिओ ठेवतो. एलईडी बल्ब अन् मोबाईलचा चार्जर मात्र लांब ठेवा. वापर नसला की सेल काढा, गळाले तर आतल्या पट्ट्या गंजतात.